उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांची घरगुती चित्रकला

वैशाखाचे ऊन तापू लागले म्हणजे आपल्या जामसांवलीत दुपारभर मुलांना घरातच थांबवावे लागते. शाळा बंद, बाहेर झळा. मग मुले कुरकुरतात आणि आईबाप त्यांच्या हाती मोबाईल देऊन मोकळे होतात. पुष्कळ पालक आम्हांस विचारतात, “सर, मुलांना रंगपेटी घ्यावी काय?” घेता आली तर उत्तम, न आली तरी काही अडत नाही. निम्मे साहित्य स्वयंपाकघरात आणि उरलेले अंगणात आहे.

ही कल्पना नवी नव्हे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व पुढे ते कोसबाडला नेले. परिसरात मिळणाऱ्या साध्या वस्तू हेच तेथे मुलांचे शिक्षणसाहित्य होते. त्याच मुलुखातील वारली बांधव तांदळाच्या पिठाचे पाणी व चावून मऊ केलेली बांबूची काडी एवढ्यावर भिंती चितारतात. त्यांच्यापैकी जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा साधन स्वस्त म्हणून कला हलकी ठरत नाही.

रंग : हळदीचा पिवळा, गेरूचा तांबडा, दिव्याच्या काजळीचा काळा, पालकाच्या रसाचा हिरवा. शिमग्यात वाळवून ठेवलेली पळसफुले उकळली की केशरी. रंग कागदास धरावा म्हणून बाभळीचा डिंक रात्री भिजत घालून थोडा मिसळावा.

हळदीची गंमत : कागदास हळदीचे पाणी लावून वाळू द्यावे. मग चुन्याच्या निवळीत काडी बुडवून रेघ ओढावी. ती लाल उमटते. तीवर लिंबाचा रस लावताच पुन्हा पिवळी होते. हळदीचे कुंकू याच गुणामुळे होते. मात्र चुना डोळ्यांस अपायकारक असल्याने मोठ्या माणसाने जवळ बसावे.

कुंचला व ठसे : कडुनिंबाची काडी दातवणासारखी चावली की कुंचला तयार. भेंडी आडवी कापून रंगात बुडवावी, फूल उमटते. अर्ध्या कांद्याची वलये येतात. कागद म्हणून जुन्या दिनदर्शिकेची वा लग्नपत्रिकेची कोरी बाजू पुरे.

मातीकाम : आपली काळी माती वाळताना आकसते व तडकते. म्हणून ती चाळून, तीत बारीक कुटार मिसळून मळावी, आणि केलेली वस्तू सावलीत सावकाश वाळवावी.

आता पालकांस मुख्य सांगणे. काही वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या मुलीने गेरूने बैल काढला. शिंगे इतकी मोठी की कागदाबाहेर गेली. आम्ही पडलो शिक्षक! तिच्या हातची काडी घेऊन शिंगे नीट करून दिली. चित्र सुबक झाले. पण मुलगी म्हणाली, “अब्बा, हा आता तुमचा बैल झाला,” आणि कागद आमच्या हाती देऊन निघून गेली. ती सुट्टी संपेपर्यंत तिने पुन्हा काडी धरली नाही. वर्गात अशी किती मुलांची शिंगे आम्ही छाटली असतील, या विचाराने त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही नुसती माती मळून ठेवली आणि दूर बसलो. चार दिवस तिने तिकडे पाहिलेही नाही. पाचव्या दिवशी बैल झाला. शिंगे पूर्वीइतकीच मोठी! आम्ही एवढेच विचारले, “हा कुठे निघाला?” उत्तरादाखल तिने अर्धा तास गोष्ट सांगितली. तो बैल तान्ह्या पोळ्यापर्यंत आमच्या कोनाड्यात उभा होता.

म्हणून पालकहो, साहित्य हाताशी ठेवा, चुन्यावर व सुरीवर लक्ष ठेवा, जमीन रंगली तर रागावू नका. मात्र मुलाच्या हातची काडी आपल्या हाती घेऊ नका.