कूलर घेण्याआधी खोलीकडे बघा

मार्च संपत आला की विहारात वंदना झाल्यावर आम्हांला औषधगोळ्यांपेक्षा कूलरबद्दलच जास्त विचारले जाते. "ताई, मोठा घेऊ का? हप्त्याने मिळून राहिला." आमचे शिक्षण नर्सिंगच्या डिप्लोम्याचे, विजेचे नव्हे. पण वॉर्डात काढलेल्या वर्षांत उष्माघाताचे, करंट लागलेले, डेंग्यूचे रुग्ण आम्ही हाताळले, आणि नंतर वस्तीत फिरायला लागलो तेव्हा त्या आजारांमागची घरेही पाहिली. म्हणून या महिन्याचा धडा यंत्राचा.

आमच्या नागपुरातल्या एका घराने दोन वर्षांपूर्वी बचतगटातून कर्ज काढून भलामोठा कूलर आणला. दहा बाय दहाची खोली, वर टिना, खिडकी नाही. कूलर खोलीत ठेवला आणि ऊन लागू नये म्हणून दार लावून घेतले. पहिला तास सगळे खूश. मग अंग चिकट व्हायला लागले, गाद्या दमट झाल्या, म्हाताऱ्या बाबांना दम्याचा त्रास होता तो वाढला. "मशीन खराब निघाली," असे म्हणत ते दुकानात भांडायला निघाले होते. आम्ही कूलर ओढून समोरच्या दाराच्या चौकटीत ठेवला, तोंड आत, पाठ बाहेर, आणि मागचे दार वीतभर उघडे ठेवायला सांगितले. अर्ध्या तासात बाबा झोपले.

असे का झाले? माठाचे पाणी का गार होते ते आठवा. पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जाते. कूलरही तेच करतो. कोरडी गरम हवा ओल्या ताटीतून ओढतो, पाणी उडते, हवा गार आणि ओलसर होऊन आत येते. पण ही ओलसर हवा बाहेर गेली नाही, तर कूलर तीच हवा पुन्हा ओढतो. ओल्या हवेत पाणी उडत नाही आणि पाणी उडाले नाही तर गारवाही नाही. म्हणून कूलरला दोन वाटा लागतात, कोरडी हवा आत यायची एक आणि ओली हवा बाहेर जायची दुसरी. तुमच्या खोलीत दुसरी वाट नसेल तर आधी भिंतीत वर झरोका पाडा किंवा एक्झॉस्ट पंखा बसवा. तो खर्च कूलरच्या आधीचा आहे. पावसाळा लागला की कूलरचे पाणी बंद करून नुसता पंखा वापरायचा तोही याच कारणाने. आणि मुंबई-कोकणात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांनी कूलरच्या नादी लागू नये, तिथली हवा आधीच ओली. तिथे आरपार वारा आणि एक्झॉस्ट पंखा हाच इलाज.

टिनाचेही तसेच. दुपारी जी टिना हात लावू देत नाही ती खोलीत उष्णता ओतत असते. छताला बाहेरून पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्या, ऊन परतवले जाते. हे सगळ्यांत स्वस्त काम लोक सगळ्यांत शेवटी करतात, कारण ते दुकानात विकत मिळत नाही.

मोठा कूलर म्हणजे जास्त गारवा, हा समज दुकानदाराच्या फायद्याचा. साधा हिशोब असा आहे. खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणा आणि दोनने भागा. दहा बाय दहा बाय नऊ म्हणजे ९०० घनफूट, निम्मे ४५०. कूलरने मिनिटाला एवढे घनफूट हवा फेकली की पुरे. खोक्यावर आकडा बहुधा तासाला किती घनमीटर असा छापलेला असतो, तर ४५० म्हणजे सुमारे ७६५. टिनाखाली राहत असाल तर याच्या दीडपट-दुप्पट धरा, त्यापुढे नको. कारण पाणी! लहान कूलरही भर उन्हात तासाला तीन-चार लिटर पाणी पितो, मोठा त्याच्या दुप्पट-तिप्पट. ज्या वस्तीत नळ दिवसातून एकदा येतो तिथे हे पाणी कोणाच्या डोक्यावरून येणार, हे घेण्याआधी घरात बसून ठरवा. बहुतेक वेळा ती घरातली सून किंवा शाळकरी मुलगी असते.

आता करंट. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या करंटने माणसे जातात, त्यात लेकरेही असतात. लोखंडी पत्रा, पाणी आणि वीज एकत्र आले, खाली ओली फरशी, पायात चप्पल नाही. तीन पिनांच्या प्लगमधली मोठी पीन अर्थिंगची, पण वस्तीतल्या कितीतरी घरांत बोर्डाच्या त्या तिसऱ्या भोकामागे तारच जोडलेली नसते. वायरमनला बोलावून ते तपासून घ्या. मीटरजवळची एमसीबी तारा जळण्यापासून वाचवते, माणसाला वाचवत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते, करंट गळाला की क्षणात पुरवठा तोडते. पैसे कमी असतील तर कूलर लहान घ्या, पण ही बसवा. पाणी भरताना नुसते बटण बंद करून चालत नाही, प्लग काढा. कोणी चिकटले तर हात लावू नका, मेन स्विच पाडा, नाहीतर कोरड्या लाकडाने ढकला. श्वास नसेल तर १०८ ला फोन करायला कोणाला तरी सांगून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा, गाडी येईपर्यंत.

डेंग्यूबद्दल आम्ही जरा खाली मान घालूनच लिहितो. वस्तीत कोरडा दिवस पाळा म्हणून ओरडणाऱ्या आमच्या स्वतःच्या घरी, ऑगस्टमध्ये, बंद पडलेल्या कूलरच्या तळात अळ्या निघाल्या, आणि त्या कधी दिसल्या, तर घरात ताप आल्यावर. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून आठ-दहा दिवसांत उडू लागतो. त्याची अंडी पाण्याच्या रेषेवर, टाकीच्या कडेला चिकटतात आणि कोरडी होऊनही महिनोन्महिने टिकतात. म्हणून नुसते पाणी ओतून उपयोग नाही, आठवड्यातून एकदा टाकी घासा. घेतानाच बघा, टाकीत हात जातो का, तळाला पाणी सोडायचे बूच आहे का. काही कूलर दिसायला देखणे, पण टाकी घासताच येत नाही. ते घेऊ नका. ताट्याही (गवताच्या म्हणतात, असतात लाकडाच्या तासलेल्या धाग्यांच्या) दर हंगामाला बदला.

हल्ली एसीचेही हप्ते दारात येतात. एसी घेऊ नये असे आम्ही म्हणणार नाही, आपल्या लेकरांनी गारव्यात अभ्यास का करू नये? पण हिशोब आधी करा. १००० वॉट एक तास चालले की एक युनिट. कूलर साधारण १५० वॉटचा, दहा तासांचे दीड युनिट, महिन्याला ४५. एक टनाचा एसी हजार वॉटच्या आसपास, आठ तास धरले तर महिन्याला २४० युनिट, आणि टिनाखाली तो थांबतच नाही. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर पहिल्या १०० युनिटांना कमी, १०१ ते ३०० ला जास्त, ३०१ च्या पुढे आणखी जास्त. घरची नेहमीची वीज मिळवली की तुम्ही तिसऱ्या टप्प्यात जाता. ताऱ्यांच्या लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते १६०० तासांचे. त्यावर वर्षही असते, ते वाचा, कारण ताऱ्यांचे निकष मधूनमधून कडक होतात आणि जुन्या पाच ताऱ्यांचा माल नव्या हिशोबात कमी भरतो. टेबलावर ठेवायच्या छोट्या 'मिनी एसी'त कॉम्प्रेसर नसतो. तो एवढासा कूलरच आहे.

ज्यांना यातले काहीच जमणार नाही त्यांनी लक्षात ठेवावे की खोलीतली हवा ४० अंशांवर गेली की नुसता पंखा अंगावर गरम हवाच फेकतो. दुपट्टा ओला करून अंगावर घ्या, मग पंखा लावा. अंग तापलेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात. सावलीत आणून अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

हिवाळ्याचे थोडक्यात. पाण्याचा रॉड चालू असताना बादलीत बोट घालून बघू नका, बादली लोखंडाची नको. कॉइलचा हीटर २००० वॉटचा असेल तर तासाला दोन युनिट. आणि कोळशाची शेगडी पेटवून, दार लावून झोपणे हे सगळ्यांत घातक. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. घरातल्या दोघा-तिघांचे सकाळी एकदम डोके दुखते, उलट्या होतात, लोक म्हणतात रात्रीचे जेवण बाधले. आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा. दवाखान्यात गेल्यावर शेगडी पेटवली होती हे आवर्जून सांगा, कारण बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा वेळी ९८ दाखवते आणि रुग्ण बरा आहे असे वाटते.