रोपांवरचे रात्रीचे पांघरूण

परतीचा पाऊस संपून आकाश निवळले, की रोपवाटिकेत नव्या कामाची लगबग सुरू होते. टोमॅटो, फुलकोबीच्या कोवळ्या रोपांच्या वाफ्यांवर माळी संध्याकाळी काठ्यांच्या आधाराने गवताचे तट्टे पसरतो. बाजू तर उघड्याच असतात. मग थंडी अडते कशी?

२० अंश सेल्सियस तापमानाचे पान दर चौरस मीटरमागे सुमारे ४०० वॅट ऊर्जा अवरक्त प्रारणांच्या रूपाने बाहेर टाकते. ढगाळ रात्री आकाशाकडून जवळजवळ तितकीच ऊर्जा परत मिळते. निरभ्र रात्री पुष्कळच कमी. म्हणून पान भोवतालच्या हवेहूनही थंड होते, त्यावर दव साचते, आणि रात्रभर ओले राहिलेले पान म्हणजे बुरशीला आमंत्रणच! तट्टा निरभ्र आकाशापेक्षा खूपच उबदार असतो. तो पानाची तूट बरीचशी भरून काढतो.

सकाळी मात्र तट्टे काढावेच लागतात. उजेडाविना रोपे लांबुळकी, लेचीपेची होतात.

शाळेच्या बागेत पडताळून पाहा. एक तापमापी जमिनीलगत उघड्यावर ठेवा, दुसरी फूटभर उंच बांधलेल्या चटईखाली. सूर्योदयापूर्वी दोन्हींवरील तापमान टिपून घ्या. वारा असलेल्या रात्री हा फरक कमी का होतो, ते तुम्हीच शोधा.