लिलावाच्या टेबलावर बसण्याआधी

बरकतपुरा, हैदराबाद

चि. सोनूस,


हॉकी संघाच्या लिलावाचं काम तुझ्याकडे आल्याचं वहिनीने कळवलं. फार आनंद झाला. बोली लावायला हात वर करण्याआधी माझं थोडं ऐक.

ऑक्टोबर 2024 मध्ये हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला, तेव्हा पुरुषांच्या प्रत्येक संघाकडे 4 कोटी होते आणि त्यात 24 जण बसवायचे होते. सूरमा क्लबने हरमनप्रीत सिंगला 78 लाख मोजले. आपल्या हैदराबाद तूफान्सने गोन्झालो पेयातला 68 लाख दिले. पेयातची किंमत मला जास्त वाटत नाही. रिओ ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाकडून 11 गोल आणि 2023 च्या विश्वचषकात जर्मनीकडून उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक करणारा ड्रॅगफ्लिकर, म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर फ्लिक मारणारा, आहे तो.

पण नियम आठव. पेनल्टी कॉर्नर मिळाला की तो संपेपर्यंत बदली खेळाडू आत आणता येत नाही. तुझा 68 लाखांचा माणूस नेमका तेव्हा बाकावर असेल, तर फ्लिक कोण मारणार? दुसरा फ्लिकर हवाच, आणि तो तुला पाच-दहा लाखांत शोधावा लागेल. मूळ किंमत 2 लाख असलेल्या पोरांचे सामने स्वतः जाऊन बघ. नुसत्या व्हिडिओवर विसंबू नकोस.

हिशेबही करून ठेव. एकाला 68 दिलेस तर उरलेल्या 23 जणांच्या वाट्याला सरासरी साडेचौदा लाखसुद्धा येत नाहीत. सत्तर-सत्तरचे तिघे घेतलेस तर बाकीच्या 21 जणांना जेमतेम नऊ.

म्हणून मोठे खेळाडू टाळ, असं मुळीच नाही. बंगाल टायगर्सनी अभिषेक, जुगराज आणि सुखजीत या तिघांवर 1 कोटी 62 लाख ओतले आणि तेच जिंकले. पण त्यात दोन आघाडीचे आणि एक फ्लिकर होता, सगळे पैसे एकाच कामावर गेले नाहीत. फेब्रुवारी 2025 च्या अंतिम सामन्यात त्यांनी तूफान्सना 4-3 ने हरवलं. हॅट्ट्रिक 48 लाखांच्या जुगराजची होती, 72 लाखांच्या अभिषेकची नव्हे. निर्णायक गोल न्यूझीलंडच्या सॅम लेनने केला, आणि तो काही सर्वांत महागड्यांपैकी नव्हता.

बर्फावरच्या हॉकीत टोरोंटोची गत बघ. 2024-25 मध्ये संघाच्या एकूण पगाराची मर्यादा 8 कोटी 80 लाख डॉलर होती, आणि त्यातले निम्म्याहून जास्त चौघांकडे गेले. चौघेही गुणी खेळाडू. तरी 1967 नंतर त्या संघाला स्टॅन्ली कप मिळालेला नाही. असा पैसा वाटला की चणचण भासते ती यादीच्या तळाशी, आणि सामना अटीतटीचा झाला की तिथेच गळती लागते.

प्रत्येक जागेची कमाल किंमत आदल्या रात्री ठरव. समोरचा तिच्या पुढे गेला की हात खाली घे, मालक कितीही खुणावू देत. आणि तुझी यादी मला पाठव. शेवटची आठ नावं आधी लिही. दुसऱ्या फ्लिकरच्या नावापुढे त्याला कुठल्या मैदानावर पाहिलंस तेही लिही.

तुझी,
आत्या