सॉकेट जुळलं तरी बोर्ड ऐकेलच असं नाही

"काका, सॉकेट सेमच आहे. बिनधास्त बसवा." जुन्या पार्टच्या दुकानात हे वाक्य कानावर आलं की पाकीट खिशातच राहू द्यावं. आधी घरी जाऊन बोर्डाचं मॉडेल आणि बायोसचं व्हर्जन कागदावर लिहून आणावं. दुकानदार खोटं बोलत नसतो, सॉकेट खरंच सेम असतं. मशीन चालू व्हायला मात्र तेवढं पुरत नाही.

माझं सांगलीत डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि ज्याच्याशिवाय हल्ली गल्लीतला एकही वाढदिवस पार पडत नाही तो फ्लेक्स. कामाचं मशीन २०१२ सालचं, असेंबल्ड: आय३ २१२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम, फिरती हार्डडिस्क. 'टाका की बदलून' असं सगळेच सुचवतात. पण त्यात कसाबसा चालवलेला जुना पेजमेकर आहे, जुन्या मराठी फॉन्टचा डोंगल आहे आणि युनिकोडच्या आधीच्या असंख्य फाइली आहेत. हा सगळा संसार नव्या मशीनवर हलवताना काय काय गळून पडतं, ते या धंद्यातल्या कुणालाही विचारा. म्हणून मशीन तेच ठेवून प्रोसेसर बदलायचं ठरलं आणि सेकंडहँड आय७ ३७७० घरी आला. दोन कोरच्या जागी चार, चार थ्रेडच्या जागी आठ, आणि सॉकेट दोघांचंही ११५५.

बसवला, पॉवर दिली. पंखा फिरला, दिवा लागला, डिस्प्ले मात्र आला नाही. बसवून देणारा मुलगा म्हणाला प्रोसेसर डेड आहे. दुकानदार फोनवर म्हणाला बोर्ड गेला असणार. जुना आय३ परत बसवल्यावर मशीन मुकाट्याने चालू झालं, म्हणजे बोर्ड शाबूत होता. प्रोसेसर दुसऱ्या एका मशीनवर लावून पाहिला, तर तिथे तोही ठणठणीत. छत्तीस गुण जुळूनही घरच्यांनी नकार द्यावा, तसलाच हा प्रकार.

नकार होता बायोसचा. आय३ २१२० हा इंटेलच्या दुसऱ्या पिढीतला, म्हणजे २०११ सालचा. ३७७० तिसऱ्या पिढीतला, २०१२ सालचा. बोर्ड बाजारात आला तेव्हा तिसरी पिढी जन्मलीच नव्हती, त्यामुळे त्याच्या बायोसला हा पाहुणा ओळखताच येत नव्हता. प्रत्येक बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानावर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते आणि प्रत्येक नावापुढे कोणत्या बायोसपासून ते चालेल हे दिलेलं असतं. खरेदीचा निर्णय त्या यादीवर व्हावा, सॉकेटच्या आकड्यावर नव्हे. आपलं बायोस कोणतं ते सीपीयू-झेड नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये मेनबोर्डच्या टॅबवर दिसतं. ब्रँडेड ऑफिस-मशीन असेल तर जास्तच जपावं. त्यांचं बायोस त्या त्या कंपनीचं असतं आणि काहींनी एच६१ च्या मशीनला तिसऱ्या पिढीचा आधार कधी दिलाच नाही. अशा मशीनला यादीत असेल तर दुसऱ्या पिढीतला आय५ २४०० किंवा आय७ २६०० शोधावा. पण हे दोन्ही ९५ वॉटचे आहेत आणि २१२० होता ६५ वॉटचा. तेवढा भार बोर्ड आणि कूलर पेलतील का, तेही त्याच यादीत पाहून घ्यावं.

बायोस फ्लॅश करायचं, म्हणजे त्याचं नवं व्हर्जन चिपवर लिहायचं, ते जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच, कारण नवा लावून स्क्रीनच येत नसेल तर फ्लॅश करणार कशावर? आणि यूपीएसशिवाय फ्लॅशच्या बटणाला हात लावू नये. फ्लॅश चालू असताना वीज गेली तर बोर्ड अर्धवट लिहिलेल्या बायोससकट मरतो, मग चिपवर प्रोग्रामर लावणारा माणूस शोधत फिरावं लागतं. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून आधी यूपीएसची बॅटरी खरंच टिकते का ते मेन स्विच बंद करून तपासलं आणि मगच हे काम केलं. शिवाय अनेक बोर्डांवर या फ्लॅशनंतर मागच्या बायोसवर परतता येत नाही.

'सॉकेट सेम' ही भानगड ११५५ पुरती नाही. २०१५ च्या सहाव्या पिढीचं सॉकेट ११५१, आणि २०१७ च्या अखेरीस आलेल्या आठव्या पिढीचंही ११५१. तरीही आठव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या १०० किंवा २०० मालिकेच्या बोर्डावर चालत नाही, त्याला ३०० मालिकेचाच बोर्ड लागतो. याउलट एएमडीच्या एएम४ वाल्यांचं नशीब चांगलं. २०१७ च्या बी३५० बोर्डांनासुद्धा २०२२ मध्ये बायोस मिळालं आणि त्यांवर रायझन ५००० मालिका चालू लागली. जुन्या मशीनमध्ये प्रोसेसर बदलून खरंच चीज होतं ते तिथे. फक्त रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड नसेल तर ५६००जी घ्यावा. इंटेलमध्ये नावाशेवटी एफ असलेल्यांचं तेच. स्वस्तात मिळणाऱ्या झिऑनवरही भुलू नये: ई३-१२४० व्ही२ हा ११५५ मध्ये बसतो, पण त्यालाही आतलं ग्राफिक्स नाही. पुन्हा डिस्प्ले नाही, पुन्हा दुकानदाराला फोन.

आता बसवण्याबद्दल. इंटेलच्या या सॉकेटमध्ये पिना बोर्डाच्या बाजूला असतात, केसांसारख्या बारीक. प्रोसेसर तिरका पडला किंवा बोटाचा नुसता ओझरता धक्का लागला तरी पाच-सहा पिना वाकतात, आणि वाकलेली पिन सुईने सरळ करणं हे सोनाराचं काम. प्रोसेसर दोन कडांनी धरावा, कोपऱ्यातला छोटा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवावा, दोन खाचा बसल्या की सोडून द्यावा, दाबू नये. मग खटका खाली घेताना करकर आवाज होतो आणि जोर लागतो. अनेक जण इथेच घाबरून थांबतात, पण तो आवाज ठीक आहे. इंटेलच्या साध्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. काढताना त्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढायच्या, बसवताना उलट फिरवून समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या. एक जरी अर्धवट बसली तरी हीटसिंक एका बाजूने उचललेला राहतो. माझ्या मशीनमध्ये हेच झालं होतं: पीडीएफ करायला घेतली की तापमान ९० च्या वर जाई. बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून खुंट्या मागून पाहिल्या, तेव्हा एकीचं टोक पलीकडे आलेलंच नव्हतं. जुनी सुकलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, नवी मधोमध तुरीच्या दाण्याएवढी. थापू नये. एएम४ ला पिना प्रोसेसरला असतात आणि पेस्टला चिकटून तो कूलरसोबत उपटून येतो. तिथे मशीन थोडा वेळ चालवून गरम करावं, बंद करावं आणि कूलर हलका फिरवूनच उचलावा.

एवढं करून मिळालं काय? फोटोशॉपचे फिल्टर आणि मोठ्या फ्लेक्सची निर्यात डोळ्यांना दिसेल इतकी वेगवान झाली. पेजमेकरमध्ये फरक जवळजवळ नाही. हा जुना प्रोग्राम एकाच कोरवर चालतो. २१२० चा वेग ३.३ गिगाहर्ट्झ, ३७७० चा जास्तीत जास्त ३.९. उरलेले कोर त्याच्यासाठी बसूनच असतात. हे आधीच ओळखता येतं. काम अडतं तेव्हा टास्क मॅनेजर उघडून पाहावं. चार थ्रेडच्या प्रोसेसरवर सीपीयू २५ टक्क्यांच्या आसपास अडकून बसला असेल, तर बहुधा एकच कोर राबतोय आणि जास्त कोर घेऊन उपयोग नाही. सीपीयू १०० टक्के असेल, तर प्रोसेसर बदला. आणि डिस्क १०० टक्के असेल, तर प्रोसेसरचा विचारच सोडून एसएसडी घ्या. मशीन उघडायला, फाइल शोधायला, सेव्ह व्हायला लागणारा वेळ माझ्याकडे एसएसडीने वाचवला, आय७ ने नाही. एच६१ मध्ये डिस्कच्या साटा जोडणीचा वेग सेकंदाला ३ गिगाबिटच आहे, तरीही. रॅम ८ जीबी करताना विंडोज ६४ बिट आहे ना ते पाहावं, कारण साध्या ३२ बिट विंडोजला ४ जीबीच्या पुढची रॅम वापरताच येत नाही.

विंडोज ११ साठी कुणी हा खटाटोप करणार असेल, तर त्याने थांबावं. त्याच्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचेच प्रोसेसर आहेत, ३७७० काय आणि २१२० काय, दोघेही बाहेरच. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून माझ्या मशीनची इंटरनेटची वायर मी काढून ठेवली आहे. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या मशीनवर तपासले जातात. ज्याला डोंगल आणि जुने फॉन्ट यांचं बंधन नाही, त्याने प्रोसेसर, एसएसडी, रॅम आणि बसवणावळ यांची बेरीज करावी आणि मगच बाजारात जावं. आठव्या पिढीची वापरलेली ऑफिस-मशीनं तिथे ढिगाने असतात. ती बेरीज आणि अशा मशीनची किंमत यांत फार अंतर नसेल, तर जुना बोर्ड उघडूच नये.