दुसरा लिव्हर कधी हलला होता?

पुण्यात जुनी फोर-बाय-फोर विकायला काढणारा माणूस एक वाक्य हमखास बोलतो : "साहेब, ऑफ-रोडला कधीच नेलेली नाही." कोथरूड ते हिंजवडी, फार तर वर्षातून एकदा महाबळेश्वर. घेणारा खूश होतो. मला मात्र हे ऐकलं की आधी गाडीखाली वाकावंसं वाटतं. पुढच्या चाकांना ताकद पोचवणारी यंत्रणा वर्षानुवर्षं कोणी वापरलीच नसेल, तर गिअरशेजारचा दुसरा लिव्हर जाम होतो, तेल कंपनीतून आलं तेच असतं आणि ऑइल सील सुकून तडकलेली असतात. माळ्यावर दहा वर्षं पडून असलेलं शिलाई मशीन कोणी "नवंच आहे" म्हणून विकलं, तर आपण घेऊ का?

धनकवडीत एक जुनी थार बघायला गेलो होतो. रंग झकास, सीट कव्हर नवी. मालकाला म्हटलं, जरा फोर-लो (चारही चाकांचा हळू, ताकदीचा गिअर) लावून दाखवा. त्यांनी तो दुसरा लिव्हर एका हाताने ओढला, मग दोन्ही हातांनी. मग म्हणाले, "तो वापरायचा नसतो." मागितलेल्या भावात त्या न वापरलेल्या लिव्हरचे पैसे मात्र धरलेले होते.

भावाकडे वळण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा : तुम्हाला फोर-बाय-फोर लागणार कशाला? ताम्हिणी, वरंध, माळशेज हे सगळे डांबरी घाट आहेत. वेल्ह्याला एसटीची लालपरी जाते, तिला कुठे फोर-बाय-फोर आहे? खरी गरज पडते ती मुळशी-भोरकडच्या शेतावर जाणाऱ्या चिखलाच्या चढावर, पूर्वेकडच्या काळ्या चिकट रानात, कोकणातल्या वाळूत किंवा स्पिती-लडाखच्या वाटांवर. डोंगरावरचे सडे आणि जंगलातल्या वाटा बहुतेक वेळा वनखात्याच्या असतात. तिथे परवानगीशिवाय गाडी घातली तर गुन्हा होतो, शिवाय पावसाळ्यातली सड्यावरची फुलं चाकाखाली जातात ती वेगळीच. मला विचाराल तर वर्षातून तीनचारदाच कच्च्या रस्त्याला लागणाऱ्या माणसाने चांगल्या टायरची उंच टू-व्हील ड्राइव्ह गाडी घ्यावी आणि दोन लाख वाचवावेत. त्याहून जास्त जात असाल तर पुढे वाचा.

पहिला फसवा दगड नावातच आहे. थार म्हटली की फोर-बाय-फोर, हे खरं नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये पहिली थार आली तेव्हाच साध्या डीआय इंजिनात टू-व्हील ड्राइव्ह मिळत होती. २ ऑक्टोबर २०२० ला आलेली नवी थार सुरुवातीला फक्त फोर-बाय-फोर होती, पण जानेवारी २०२३ पासून ती मागच्या चाकांवर चालणारीही मिळू लागली. सफारीचं त्याहून वाईट. १९९८ पासून पिंपरीत तयार झालेली जुनी सफारी आणि २०१२ ची स्टॉर्म यांत फोर-बाय-फोर मिळत असे, पण विकल्या गेलेल्या बऱ्याच गाड्या टू-व्हीलच्या. २०२१ मध्ये नव्याने आलेल्या सफारीत तर ते नाहीच. मागच्या दारावरचा बिल्ला शंभर रुपयांत लागतो. म्हणून आरसीवरचं मॉडेलचं पूर्ण नाव वाचा आणि पुढच्या चाकांच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा दिसतो का ते खाली वाकून पाहा.

भावाचे आकडे ठोकळ धरा. महिन्याला, रंगाला आणि विकणाऱ्याच्या घाईला ते बदलतात. २०१५ ते २०१९ दरम्यानची सीआरडीई थार पाच ते आठ लाखांत मागतात. अडीच लिटरचं १०५ अश्वशक्तीचं इंजिन, गावातल्या मिस्त्रीलाही कळणारी रचना आणि नाना पेठेत सहज मिळणारे सुटे भाग या तिच्या जमेच्या बाजू. आत बसल्यावर ट्रॅक्टरचा भास होतो, हे तिचे चाहतेही मान्य करतात. २०२० नंतरची थार दहा ते चौदा लाख. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला चार तारे मिळाले, त्यामुळे कुटुंब घेऊन फिरणाऱ्याला ती बरी. तिच्या बीएस-सहा डिझेलमध्ये धूर गाळणारा फिल्टर असतो. रोज कर्वे रस्त्यावर चार किलोमीटर ये-जा करणाऱ्या गाडीत तो काजळीने भरतो आणि बदलायला निघाला की अंगावर काटा येईल असा खर्च सांगतात. तुमचं फिरणं प्रामुख्याने शहरातलं असेल तर पेट्रोलची घ्या, मग सरासरी विचारू नका.

जिम्नी जून २०२३ मध्ये आली, त्यामुळे जुन्यात ती अजून तरुण आहे. साडेनऊ ते साडेअकरा लाख सांगतात. वजन बाराशे किलोच्या आसपास, म्हणून चिखलात ती जड गाड्यांना लाजवते. सामान आणि चार माणसं घेऊन घाट चढताना मात्र दमते. २०२४ मध्ये नव्या जिम्नीवर मोठ्या सवलती दिल्या गेल्या होत्या. म्हणून पहिल्या मालकाने खरंच किती मोजले ते मूळ बिलावर पाहूनच भाव बोला. हीच गोष्ट कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मोठ्या गाड्यांवरचा कर उपकरासकट पंचेचाळीस-पन्नास टक्क्यांच्या घरातून चाळीसवर आला. जुन्या बिलावरून वजाबाकी करणाऱ्या मालकाला ही आठवण करून द्यायला लाजू नका.

आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखा ही खऱ्या अर्थाने चिखलाची गाडी. पुढे आणि मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक कंपनीकडूनच येतं, जे इतर गाड्यांत बाहेरून बसवायला लाखाच्या वर जातात. सप्टेंबर २०२१ नंतरची दहा-बारा लाखांत येते. २०२४ आधीच्या गाडीचं इंजिन मात्र ९१ अश्वशक्तीचं, द्रुतगती मार्गावर मागचे हॉर्न ऐकायची तयारी ठेवा. १९८५ पासून चालत आलेली जिप्सी दोन लाखांपासून पाच-सहापर्यंत असते आणि तिचा भाव गाडीला नसून हौसेला असतो. घेणार असाल तर पत्र्याचा गंज आणि पुढच्या चाकामागच्या गुडघ्यातून गळणारं ग्रीस पाहा. ज्यांना चिखलापेक्षा वाईट रस्तेच जास्त भेटतात, त्यांच्यासाठी २०१४ नंतरची डस्टर ऑल-व्हील चार-पाच लाखांत सगळ्यात शहाणी. तिला फोर-लो नाही, पण पहिला गिअर आखूड आहे आणि ती कारसारखी चालते. फोर्डची एन्डेव्हर दिसायला भारी आणि भावाला मोहात पाडणारी. पण फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. एखाद्या सेन्सरसाठी आठ दिवस गाडी उभी राहिली तर चालेल का, हे आधी ठरवा.

आता गाडीखाली. विश्वासातला मिस्त्री घेऊन जा. दोन-अडीच हजार घेईल, द्या. फोर-व्हीलची चाचणी कोरड्या डांबरावर करू नका. ज्या गाड्यांत पुढचा आणि मागचा दांडा एकत्र बांधला जातो, त्यांत वळताना दोन्हींचा वेग वेगळा व्हायला हवा असतो, पण होत नाही आणि सगळा ताण ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर येतो. मोकळं मातीचं मैदान शोधा. फोर-हाय लावून सरळ चला, मग हळू वळा. स्टिअरिंग जड होऊन गाडी अडखळल्यासारखी झाली तर पुढची चाकं कामाला लागली आहेत. अगदी हलकी वळली तर दिवा लागलाय पण ताकद पोचत नाही. मग फोर-लो, पहिला गिअर, चढावर क्लच सोडून नुसती चालू द्या. खडखड आली तर चेन किंवा दात गेलेत. पुन्हा टू-हायवर आणताना लिव्हर अडकला तर तेही लिहून ठेवा.

पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचा नट थोडा सैल करून बोटाला तेल लावून पाहा. काळं असेल तर चालेल, दुधी चहासारखं असेल तर आत पाणी गेलंय. नटाच्या चुंबकाला चिकटलेला चुरा पिठासारखा असला तर वयाचा, कणीसारखा असला तर दाताचा. प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस हाताने पिळून पाहा, चाकाकडच्या रबरी बुटांना चीर आहे का ते पाहा. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. स्टेपनीचा टायर इतरांपेक्षा वेगळा असेल तर गाडी फोर-व्हीलमध्ये वापरणाऱ्याची नव्हे, हे कळलं.

पुराच्या गाड्या हे पुण्यातलं वेगळं प्रकरण आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने गाड्या वाहून नेल्या. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. त्यात २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या आणि जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुराची भर. त्या गाड्या धुऊन-पुसून कुठे ना कुठे विकल्या गेल्याच. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या टोकाला गाळाची रेघ असेल तर परत फिरा. गालिचा उचला, सीटच्या रुळावरचा गंज पाहा, डॅशखालच्या वायरींना वास घ्या. कोकणातून आलेली गाडी असेल तर चासिसला हातोडीने हलकेच टकटक करून ऐका. उघड्या छपराची गाडी शक्यतो भर पावसात पाहा, छत गळतं ते तिथेच दिसतं.

सजवलेली गाडी टाळा, असं माझं स्पष्ट मत आहे. उंच केलेली, चाकं बाहेर आलेली, पुढे लोखंडी बुलबार. बुलबारवर २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने बंदी आणली, आणि कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार केलेली गाडी चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. सजावटीवर आधीच्या मालकाने दोन लाख घातले असतील, पण तुमच्यासाठी ती दंडाची आणि विमा नाकारला जाण्याची सोय आहे. शिवाय उंच केलेल्या गाडीचे जोड लवकर झिजतात.

आता हिशोब. समजा २०१६ ची थार साडेसहा लाखांत ठरली. मिस्त्रीची तपासणी अडीच हजार. नावावर करायचा खर्च एजंटसकट सहा हजार. विमा बावीस हजारांच्या आसपास, त्यातला थर्ड पार्टीचा भाग दीड लिटरवरच्या इंजिनाला २०२२ च्या दराप्रमाणे ७,८९७ रुपये अधिक जीएसटी. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल, फिल्टर, कूलंट, ब्रेक मिळून अठरा हजार. विकणारा काहीही म्हणो, हे पहिल्या आठवड्यात करायचंच. पाच ऑल-टेरेन टायर अकरा हजारांनी पंचावन्न हजार. शॉकअप, बुश आणि पाट्यांचं काम तीस. बॅटरी सात. दोरखंड, शॅकल, हवा भरायचा पंप, प्रेशर गेज आणि फावडं बारा. झाले एक लाख बावन्न हजार पाचशे. क्लच निघाला तर आणखी पंचवीस. म्हणजे किमतीच्या एक चतुर्थांशाच्या जवळपास रक्कम गाडी घरी आल्यावर लागते. आठ लाख जमले असतील तर साडेसहाचीच गाडी बघा. वर्षाला दहा हजार किलोमीटर, लिटरला अकराची सरासरी आणि नव्वद रुपयांचं डिझेल धरलं तर इंधनाचे ब्याऐंशी हजार वेगळे.

विम्याबाबत आणखी एक. ओढ्यात गाडी घालून इंजिनात पाणी ओढलं गेलं तर साध्या पॉलिसीत इंजिनाचे पैसे मिळत नाहीत. इंजिन प्रोटेक्ट जोडून घ्या.

कागद. गाडीचं वय बारा-तेरा असेल तर री-पासिंग डोळ्यांपुढे ठेवा. पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं आणि खासगी चारचाकीची त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाली. वर पर्यावरण कर वेगळा. दिल्लीकडून स्वस्तात आलेल्या डिझेल गाड्यांचा मोह पडतो. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आले म्हणून त्या इकडे येतात. त्यांना तिकडची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा रस्ता कर वयानुसार घटून का होईना पुन्हा भरावा लागतो. तो धरला की एमएच-१२ पासिंगची गाडीच स्वस्त पडते. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागली आहे का पाहा. थकलेले ई-चलन आणि बँकेचा बोजा ऑनलाइन तपासा. कर्ज फिटलं असं नुसतं म्हणत असतील तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात घ्या.

टोकन द्याल तेव्हा पावतीवर चासिस नंबर, रक्कम आणि "मातीवर फोर-लो चाचणी समाधानकारक झाल्यास" ही अट लिहून घ्या. पूर्ण पैसे देतानाच फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि तुम्ही तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. संगम पुलाजवळच्या कार्यालयात चक्कर मारायला कंटाळून एजंटकडे कागद टाकले तरी पोचपावती स्वतःकडे ठेवा. विमाही चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करा, आणि मगच ओळखीच्या दुसऱ्या गाडीला सोबत घेऊन चिखलाकडे निघा.