बिनतारी जाळे : शेजाऱ्याकरवी संदेश

नवेगाव बांधचा तलाव अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे मानले जाते. टेकड्यांमधील वाटा बांधांनी अडवून साठविलेले हे पाणी सुमारे ११ चौरस किलोमीटर पसरते. पूर्व विदर्भात कोहळी समाजाने असे लहानमोठे अनेक तलाव बांधले. काही ठिकाणी त्यांची साखळीच आहे. वरचा तलाव भरला की त्याच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात उतरते. प्रत्येक तलाव आपली शेते भिजवितो आणि उरलेले पाणी पुढे देतो. तंत्रज्ञ ज्याला ‘वायरलेस मेश’ म्हणतात, ते बिनतारी जाळे समजून घेण्यास ही साखळी उपयोगी पडते. फरक इतकाच की, पाणी उताराकडेच जाते. संदेश जाळ्यातून कोणत्याही दिशेने जाऊ शकतो.

आज ग्रामपंचायतीचे दाखले, शाळेची माहिती आणि धान्य दुकानातील अंगठ्याचा ठसा ही सर्व कामे इंटरनेटवर अवलंबून आहेत. देशातील ग्रामपंचायतींना काचतंतूच्या तारेने जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. प्रारंभीच्या रचनेत तार झाडाच्या फांदीसारखी पुढे जात असे. रस्त्याच्या खोदकामात ती एका ठिकाणी तुटली की पलीकडची सारी गावे मुकी होत. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात म्हणूनच कड्याची रचना स्वीकारण्यात आली. कड्यात एक बाजू तुटली तरी दुसरीकडून वाट राहते. मेश ही याच विचाराची पुढची पायरी होय. तीत वाटा दोनच नव्हे, अनेक असू शकतात, आणि तार पुरावी लागत नाही.

अशा जाळ्यातील प्रत्येक ठाणे म्हणजे छपरावरील किंवा खांबावरील एक लहान पेटी व तिचा अँटेना. ठाणे थोड्या थोड्या वेळाने ‘मी येथे आहे’ असा छोटा संदेश सोडते. शेजारची ठाणी तो ऐकतात व पुढे कळवितात. त्यावरून कोणत्या ठिकाणी जाण्यास कोणता शेजारी बरा, याचा तक्ता प्रत्येक ठाणे स्वतःच तयार करते. किती संदेश वाटेत हरवतात हेही चांगल्या पद्धतींत मोजले जाते. एका लांब, कच्च्या टप्प्यापेक्षा तीन पक्के टप्पे कित्येकदा श्रेयस्कर ठरतात. शेजारी गप्प झाला की तक्ता बदलतो व संदेश दुसऱ्या वाटेने जातो. १९७१ मध्ये हवाई बेटांवर संगणक प्रथम रेडिओलहरींनी जोडले गेले आणि त्याच दशकात अमेरिकेत संदेश टप्प्याटप्प्याने पुढे देण्याचे प्रयोग झाले. वाय-फायवर आधारित मेशचे आंतरराष्ट्रीय मानक मात्र २०११ मध्ये ठरले.

अडचणींचा प्रारंभ जमिनीपासूनच होतो. ५.८ गिगाहर्ट्झची लहर पाच किलोमीटर पाठवायची, तर दोन्ही ठाणी एकमेकांना नुसती दिसून भागत नाही; मध्यावर त्या सरळ रेषेभोवती सुमारे आठ मीटर त्रिज्येचा पट्टा बहुतांशी मोकळा असावा लागतो. ओली पाने लहरी शोषून घेतात. यास्तव या भागातील पाहणी उन्हाळ्यात, साग निष्पर्ण असताना केली तर ती फसवी ठरेल. ती पावसाळ्याच्या अखेरीस करावी. तलावावरून लहर पाठविणे सोपे वाटते, पण पाण्यावरून परावर्तित झालेली लहर सरळ लहरीला मारक ठरू शकते, आणि पाण्याची पातळी ऋतूनुसार बदलत असल्याने दोष कधी दिसतो, कधी नाही. शिवाय येथील राष्ट्रीय उद्यान १९७५ पासूनचे आहे. त्याच्या हद्दीत खांब उभारणे हे पंचायतीच्या एकट्या अधिकारातील काम नव्हे.

दुसरी अडचण हवेच्या वाटणीची. एकच रेडिओ असलेले ठाणे एका वेळी ऐकते किंवा बोलते. संदेश दोन टप्प्यांनी गेला तर तीच वाहिनी दोनदा अडते व वेग जवळजवळ निम्मा होतो. पियुष गुप्ता व पी. आर. कुमार यांनी २००० मध्ये गणिताने दाखविले की, ठाणी वाढत जातात तसा प्रत्येकाच्या वाट्याचा वेग घटत जातो. वेगवेगळ्या वाहिन्यांचे दोन-तीन रेडिओ, एकाच दिशेचे अँटेना आणि मोजके टप्पे हे त्यावरचे उपाय होत. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला व २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधील सवलत वाढली. परंतु जे सर्वांना मोकळे, तेथे दुसऱ्याच्या गोंगाटाविरुद्ध दाद मागता येत नाही.

तथापि माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती या जिल्ह्याला नवी नाही. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे आले. ‘मामा तलाव’ म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्यांपैकी अनेकांत पुढे गाळ साचला; कारण पाणी सर्वांना हवे होते, पण डागडुजी नेमकी कोणाची हे ठरलेले नव्हते. मेशमध्ये हा प्रश्न घराघरात येतो. कोणी वीजबिलाच्या काळजीने रात्री पेटी बंद केली, तर पर्यायी वाट नसलेला पलीकडचा टोला बंद पडतो, आणि बंद करणाऱ्याला त्याची वार्ताही नसते. स्पेनमधील कॅटालोनियात २००४ मध्ये सुरू झालेले ‘गुईफी’ जाळे हजारो ठाण्यांपर्यंत वाढले, त्यात वापर व देखभालखर्च यांच्या लेखी करारांचा मोठा भाग आहे. पालघर भागात आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने गावे बिनतारी दुव्यांनी जोडली. ते काटेकोर अर्थाने मेश नव्हते. पण शासन व खाजगी उद्योजक यांच्यासोबत पंचायतीलाही भागीदार करण्याचा त्यातील विचार येथे लागू पडतो. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेत गावातील दुकानदारही परवान्याविना वाय-फाय सेवा देऊ शकतो, म्हणजे देखभालीचा खर्च थोडाफार भरून निघण्यास वाव आहे.

तेव्हा पेट्यांची मागणी नोंदविण्यापूर्वी ग्रामसभेच्या ठरावात काही गोष्टी नावानिशी लिहून घ्याव्यात : कोणाच्या छपरावर ठाणे राहील, त्याची वीज कोणत्या खात्यातून दिली जाईल, काही वर्षांनी निकामी होणारी बॅटरी कोण बदलील, आणि मृगाच्या विजांनी पेटी जळाली तर खांबावर कोण चढेल.