पॅराबोलाची डायरेक्ट्रिक्स काढताना: काय करावे, काय टाळावे

अकरावी विज्ञान, चांदूर बाजार
(क्ष आडवा अक्ष, य उभा अक्ष)

काय करावे

१. आधी वर्ग कोणत्या चलाचा आहे ते पाहा. य² असेल तर डायरेक्ट्रिक्स उभी, क्ष² असेल तर आडवी.

२. वर्गाचा सहगुणक १ करून घ्या; ३य² = १६क्ष हे समीकरण य² = (१६/३)क्ष असे लिहूनच पुढे जा.

३. एकघाती पदाचा सहगुणक चिन्ह सोडून ४ ने भागा. शिरोबिंदूपासून डायरेक्ट्रिक्स तेवढ्याच अंतरावर असते.

४. सहगुणकाच्या चिन्हावरून पॅराबोलाचे तोंड ठरवा. य² असेल तर धन उजवीकडे, ऋण डावीकडे आणि क्ष² असेल तर धन वर, ऋण खाली.

५. फोकस तोंडाच्या बाजूला, डायरेक्ट्रिक्स पाठीमागे घ्या; य² = १२क्ष मध्ये तोंड उजवीकडे, म्हणून डायरेक्ट्रिक्स क्ष = −३.

६. पदे विखुरलेली असतील तर पूर्ण वर्ग करा; य² − ४य − ८क्ष + २८ = ० म्हणजेच (य − २)² = ८(क्ष − ३).

७. अंतर शिरोबिंदूपासून मोजा; वरील उदाहरणात शिरोबिंदू (३, २) आणि अंतर २, म्हणून डायरेक्ट्रिक्स क्ष = १.

८. प्रत्येक गणिताला पेन्सिलीने कच्ची आकृती काढा. चुकलेले चिन्ह आकृतीत लगेच दिसते.

९. प्राचल रूप दिले असेल तर प्राचल आधी काढून टाका; क्ष = २ + ट², य = १ + २ट यातून (य − १)² = ४(क्ष − २) मिळते आणि डायरेक्ट्रिक्स क्ष = १ येते.

१०. उत्तर रेषेच्या समीकरणात लिहा; नुसते −३ नव्हे, क्ष + ३ = ०.

११. वक्रावरचा एक बिंदू घेऊन पडताळा करा; य² = १२क्ष वरील (३, ६) हा बिंदू फोकस (३, ०) पासून ६ एकक आणि क्ष = −३ या रेषेपासूनही ६ एकक दूर आहे.

१२. परस्परांना लंब असलेल्या दोन स्पर्शिका डायरेक्ट्रिक्सवरच छेदतात, हे लक्षात ठेवा. जेईईच्या तयारीत हा गुणधर्म बरीच आकडेमोड वाचवतो.

काय टाळावे

१. उणे चिन्ह सवयीने लावू नका; क्ष² = −८य ची डायरेक्ट्रिक्स य = २ आहे, य = −२ नाही.

२. सहगुणक जसाच्या तसा उत्तरात उतरवू नका. ती लॅटस रेक्टमची लांबी असते.

३. शिरोबिंदू सरकलेला असताना आरंभबिंदूपासून मोजू नका. एवढ्याने सगळे उत्तर चुकते.

४. फोकस ते डायरेक्ट्रिक्स हे अंतर शिरोबिंदूपासूनचे समजू नका. ते दुप्पट असते.

५. उलटा कंस तसाच वाचू नका; य² = ४(३ − क्ष) म्हणजे य² = −४(क्ष − ३), म्हणून डायरेक्ट्रिक्स क्ष = ४.

६. सहगुणक बाहेर काढल्याशिवाय पूर्ण वर्ग करू नका; य = २क्ष² − ८क्ष + ५ मध्ये आधी २ बाहेर घेतल्यावरच य = −२५/८ हे बरोबर उत्तर येते.

७. पूर्ण वर्गासाठीची संख्या एकाच बाजूला मिळवून थांबू नका. दुसऱ्या बाजूलाही तीच मिळवा.

८. अपूर्णांकाचा दशांश करू नका. −४/३ म्हणजे −१.३३ नव्हे.

९. दिसेल त्या समीकरणाला पॅराबोला म्हणू नका. क्ष² आणि य² दोन्ही आहेत, पण क्ष × य हे पद नाही, तर तो पॅराबोला नाही.

१०. क्ष × य हे पद असताना नेहमीची सूत्रे लावू नका; (क्ष − य)² = ८(क्ष + य) चा अक्ष तिरका आहे आणि डायरेक्ट्रिक्सही तिरकी येते: क्ष + य + २ = ०.

११. डायरेक्ट्रिक्स वक्राला शिवते अशी आकृती आली तर पुढे जाऊ नका. ती वक्राला कधीच शिवत नाही, मागे जाऊन चूक शोधा.

१२. जेईई मेनच्या बहुपर्यायी प्रश्नात अंदाजाने पर्याय निवडू नका. चुकल्यास १ गुण वजा होतो.

१३. शंका साठवू नका. अमरावतीच्या शिकवणीची वाट न पाहता आपल्याच कॉलेजातल्या सरांना किंवा मॅडमना त्याच दिवशी विचारा.